वऱ्हाडातील जिनांची डागडुजी : एका हंगामी कारागिरीचा इतिहास

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या आर्थिक इतिहासात कापसाचे भाव, बाजारपेठा आणि रेल्वे यांना मोठी जागा मिळाली आहे. परंतु ज्या अवजड यंत्रांवर हा सारा व्यापार उभा होता, ती यंत्रे कोणी आणि कशी चालती ठेवली हा प्रश्न सहसा मागे राहतो. कापसातून सरकी, म्हणजे बी, वेगळी करून रुई काढणाऱ्या कारखान्याला वऱ्हाडात ‘जीन’ म्हणतात आणि रुई दाबून तिच्या गाठी बांधणाऱ्या भागाला ‘प्रेस’ म्हणतात. या दोन्ही ठिकाणची यंत्रे प्रारंभी विलायतेतून आली. मात्र त्यांचे दीर्घायुष्य कारखानदाराच्या नावापेक्षा दोन स्थानिक गोष्टींवर अवलंबून राहिले : कापसाच्या हंगामामुळे वर्षातून काही महिने मिळणारी उसंत आणि झिजणारा प्रत्येक भाग सुटा करून गावातच बदलता येईल अशी यंत्राची घडण.

जिनांच्या आधी सरकी काढण्याचे काम घरोघरी हातरेच्यावर चाले. हातरेच्यात दोन बारीक लाटा एकमेकींवर उलट दिशेने फिरत. तंतू त्यांच्या फटीतून पलीकडे ओढले जात आणि फटीत न मावणारी सरकी अलीकडे गळून पडे. हे काम बहुधा घरातील स्त्रिया करीत. लाट झिजली किंवा दांडा मोडला तर गावचा सुतार अथवा खाती, म्हणजे लोहारकाम करणारा कारागीर, तो नव्याने बसवून देई आणि त्याचा मोबदला बलुत्याच्या रूपाने, सुगीच्या धान्यात, चुकता होई. रेच्याची गती मंद होती हे खरे. पण त्यात गावाबाहेरून मागवावा लागेल असा भागही नव्हता.

1853च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूसपुरवठा तोडल्यावर या प्रदेशाला एकाएकी महत्त्व चढले. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला आणि बडनेऱ्यावरून 1867मध्ये नागपूरला पोहोचला, 1870मध्ये खामगावची आणि त्यानंतर लवकरच अमरावतीची शाखा सुरू झाली. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नाक यांच्या त्या दशकातील अहवालांमधून या बदलाचा वेग कळतो. कापूस बंदरापर्यंत नेण्याची सोय झाल्यावर तो लवकर रेचण्याची आणि रेल्वेच्या डब्यात मावेल असा घट्ट दाबण्याची निकड निर्माण झाली, आणि तिच्यामुळे वाफेवर चालणारी यंत्रे रेल्वेच्या स्थानकांभोवती उभी राहू लागली.

कोणते यंत्र टिकणार हे ठरवण्यात दुरुस्तीचा वाटा किती मोठा होता, हे धारवाडच्या अनुभवावरून समजते. एली व्हिटनी याने 1793मध्ये शोधलेल्या आरीच्या रेच्यात दातेरी चकत्या कापसात शिरून तंतू ओरबाडून काढतात. 1840च्या दशकात हे यंत्र अमेरिकन लागवडतज्ज्ञांच्या मदतीने धारवाड भागात रुजवण्याचा प्रयत्न झाला. परंतु चकत्यांचे दाते आणि ब्रश वारंवार दुरुस्त करावे लागत, त्यासाठी सरकारला तेथे स्वतंत्र कारखाना चालवावा लागला, आणि आखूड धाग्याच्या देशी कापसाला आरीचे दाते मानवत नाहीत ही अडचण निराळीच राहिली. वऱ्हाडात जे यंत्र पसरले ते अमेरिकेतील फोन्स मॅकार्थी याने 1840मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीचे होते, आणि ते पुढे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कंपन्यांनी बनवले.

मॅकार्थी पद्धतीत कातड्याने मढवलेला रूळ तंतूंना धरून ओढतो, रुळाला टेकवलेले स्थिर पाते सरकीला अडवते आणि वरखाली हलणारे दुसरे पाते तिला ठोकरून तंतूपासून सोडवते. पुढे एकाच चौकटीत दोन रूळ बसवलेला ‘डबल रोलर’ रेचा रूढ झाला. त्याची बिडाची चौकट जवळजवळ झिजत नाही. झिजतात ती कातडी, पाती आणि बेरिंगे. अमेरिकेत रुळासाठी वॉलरस या समुद्री प्राण्याचे जाड कातडेही वापरले जाई, पण भारतात गुरांच्या कमावलेल्या कातड्याच्या चकत्यांनी ते काम भागले. या चकत्या लोखंडी दांड्यावर एकापुढे एक ओवून घट्ट दाबल्या, की त्यांचा सलग रूळ तयार होई. त्यामुळे यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत लवकर झिजणारा भाग देशातच मिळणाऱ्या मालातून घडवता येऊ लागला.

कापसाची वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि जिनांचे काम उन्हाळ्यापर्यंत चालते. पावसाळ्याचे महिने मोकळे राहतात. हंगामात यंत्र थांबले की अंगणात कापसाच्या गाड्यांची रांग लागे, म्हणून त्या काळात तात्पुरत्या डागडुजीवर भागवले जाई आणि खरी दुरुस्ती पावसाळ्यासाठी राखून ठेवली जाई. त्या कामाचा मुख्य माणूस म्हणजे फिटर. रूळ उतरवून ते लेथवर एकसारखे कातायचे आणि त्यांवर नागमोडी खाचा पाडायच्या, कारण खाचा बुजल्या की रूळ तंतू नीट धरत नाही आणि उत्पादन घटते. पात्यांच्या कडा घासून सरळ करायच्या. बेरिंगांतील जुना व्हाइट मेटल, म्हणजे मऊ पांढरा मिश्रधातू, वितळवून नव्याने ओतायचा. आणि मुख्य दांड्यावरून प्रत्येक रेच्याला गती देणारे पट्टे तपासून शिवायचे, ही कामे जिनाच्या आवारातच होत. पाते रुळावर किती दाबाने टेकवायचे हे सर्वांत नाजूक ठरे : दाब कमी पडला तर सरकीचे तुकडे रुईत मिसळत, अधिक झाला तर घर्षणाने रूळ तापून कातडे करपे. हा अंदाज पुस्तकातून मिळणारा नव्हता. हाताखाली काम करणाऱ्या पोऱ्याला तो वर्षानुवर्षे पाहून आणि चुकून शिकावा लागे.

बाष्पकाची, म्हणजे बॉयलरची, निगा ही वेगळी जबाबदारी होती. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, म्हणजे तेथील भूजलात क्षार मुरलेले आहेत, आणि असे पाणी उकळले की आतील पत्र्यावर क्षारांचा थर साचतो; उष्णता पाण्यापर्यंत पोहोचण्यास अडथळा येतो, इंधन जास्त लागते आणि तापलेला पत्रा कमकुवत होतो. त्यामुळे थर खरवडून काढणे हे काम टाळता येत नसे. 1923च्या भारतीय बाष्पक अधिनियमाने बाष्पकाची नोंदणी आणि ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र सक्तीचे केले, तेव्हा मालकाला तपासणीसाठी बाष्पक थंड, रिकामा आणि स्वच्छ करून ठेवावा लागे. पुढे वाफेची जागा तेलाच्या इंजिनांनी आणि नंतर विजेच्या मोटारींनी घेतली. परंतु मुख्य दांडा, पुल्या आणि पट्टे यांची जुनी मांडणी अनेक ठिकाणी तशीच राहिली, केवळ तिला फिरवणारे यंत्र बदलले.

या मांडणीत धोका मोठा होता. रेच्यांत कापूस घालण्याचे काम बव्हंशी स्त्रिया करीत आणि त्यांच्या जवळूनच पट्टे फिरत. 1881च्या कारखाना कायद्याच्या कक्षेतून वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने सुटले होते. 1911च्या कायद्याने हंगामी कारखान्यांनाही त्या कक्षेत आणले. 1948च्या कारखाना अधिनियमाने चालू यंत्राजवळचे तपासणीचे आणि तेल देण्याचे काम अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या प्रशिक्षित प्रौढ पुरुषापुरते मर्यादित केले आणि कापूस पिंजणाऱ्या यंत्राजवळ स्त्रिया व मुले यांना काम देण्यास मनाई केली. 1925च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने अधिनियमाने गाठींवर खुणा आणि त्यांच्या नोंदी बंधनकारक केल्या. या सर्व कायद्यांमुळे अपघात, गाठी आणि बाष्पके यांचे कागद तयार झाले; रूळ कोणी कातला आणि पाते कोणी लावले याची नोंद ठेवण्याचे कारण मात्र कोणालाच पडले नाही. फिटरांचा इतिहास दुर्मीळ असण्यामागे हे साधे कारण आहे.

स्वातंत्र्यानंतर रेचे आणि त्यांचे सुटे भाग देशात बनू लागले, तर 1950मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेमुळे फिटर आणि टर्नर यांचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मिळू लागले. तरीही जुनी यंत्रे निघाली नाहीत. महाराष्ट्रात 1971च्या कायद्यानुसार 1972पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना राबवली गेली. खरेदी शासकीय यंत्रणेकडे गेली आणि जिनांना रेचाईपोटी ठरवून दिलेली मजुरी मिळू लागली. रुई अधिक स्वच्छ निघाली म्हणून मालकाला अधिक पैसा मिळत नसेल, तर नव्या यंत्रात भांडवल घालण्यापेक्षा जुन्याचे रूळ पुन्हा कातून घेणे त्याला सोयीचे वाटले असावे, असे मानण्यास जागा आहे. म्हणजे दीर्घकाळ चालणारी दुरुस्ती कौशल्याची खूण असली तरी ती गुंतवणूक आटल्याचीही खूण असू शकते, आणि वऱ्हाडच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

1985मध्ये नागपूरला जिनिंगचे प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याची मातृसंस्था असलेल्या मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने क्रोममध्ये कमावलेल्या कातड्याच्या भुकटीचा प्रश्न ओळखून रबर आणि सुती कापडाचे रूळ विकसित केले. 2000मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाने जिनांच्या आधुनिकीकरणाला अर्थसाहाय्य दिले, तेव्हा मुख्य दांडे आणि पट्टे निघाले, प्रत्येक रेच्याला स्वतंत्र मोटार आली आणि कापूस हवेच्या दाबाने नळांतून वाहू लागला. बाष्पकाचा थर खरवडणे, व्हाइट मेटल ओतणे आणि पट्टे शिवणे या विद्या त्याबरोबर निरुपयोगी झाल्या. परंतु दोन रुळांचा रेचा नव्या जिनांतही कायम आहे, त्यामुळे खाचा पाडणे आणि पाते लावणे ही कामे आजही हंगामाच्या तोंडावर करावीच लागतात. जुन्या कारागिरीतील काय उरले आणि काय गेले, हे तिच्याविषयी वाटणाऱ्या आदराने ठरले नाही. ज्या भागाची झीज चालू राहिली, त्याच भागाची विद्या टिकली.