नुसती चित्रे

शनिवार पेठ म्हटली की शनिवारवाडा डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि इतिहास म्हटला की तो दिल्ली दरवाजातूनच यावयाचा, अशी आपली समजूत असते. पण याच पेठेच्या कडेला, अप्पा बळवंत चौकात, दर जूनमध्ये एक निराळा इतिहास घडत असतो. आईबाप पाठ्यपुस्तकांच्या याद्या घेऊन दुकानाच्या फळीशी गर्दी करतात. वह्या, कव्हरे, अंकलिपी, सारे काही पिशवीत पडते. आणि बरोबर आलेले सहा-सात वर्षांचे मूल एखाद्या रंगीत पुस्तकाकडे टक लावून पाहत असते. त्याने ते मागितले, तर पुष्कळदा उत्तर मिळते, ‘त्यात वाचायला काय आहे? नुसती चित्रे तर आहेत!’ या ‘नुसती’ शब्दामागे आपल्याकडे दीडदोनशे वर्षांची परंपरा उभी आहे.

मराठी बालपुस्तकांची कुळकथा तंजावरास सुरू होते. सरफोजी राजांच्या छापखान्यात १८०६ साली सख्खन पंडिताने केलेले इसापकथांचे भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापले गेले. पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापनीती आणि ‘बाळमित्र’ मराठीत आणले. हेतू उघड होता: मुलाने वाचावयास शिकावे आणि शहाणे व्हावे. कथा ही बोधाची पालखी वाहणारी भोई. युरोपात कोमेनियसने १६५८ सालीच आपले सचित्र पाठ्यपुस्तक काढून, वस्तू आधी डोळ्यांनी दाखवावी आणि मग तिचे नाव शिकवावे, असा क्रम घालून दिला होता. आपण तिकडची शाळा घेतली, घंटा घेतली, परीक्षा घेतली. हा क्रम मात्र बराच काळ वेशीबाहेरच राहिला.

पुण्यास चित्रांचे वावडे होते, असे नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये येथे चित्रशाळा निघाली आणि तिची देवादिकांची व इतिहासपुरुषांची चित्रे घरोघरच्या भिंतींवर चढली. भिंतीवरचे चित्र नमस्कारासाठी आणि हातातले पुस्तक पाठांतरासाठी, अशी ती वाटणी होती. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ आणि वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ सुरू करून मराठी मुलांना स्वतःचे असे मासिक दिले. हे ऋण लहान नाही. तरीही चित्र हे मजकुराच्या पंक्तीस शेवटच्या पाटावर बसलेले पाहुणेच राहिले.

मूल डोळ्यांनी आणि हातांनी शिकते, हा विचार आपल्याकडे चिकाटीने रुजविला तो गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये बोर्डीस आणि १९५७ मध्ये कोसबाडास काम सुरू झाले. तेथे ताराबाई आणि अनुताई वाघ आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसमोर बसल्या, तेव्हा ज्या घरात पुस्तक कधी आलेच नाही त्या घरच्या मुलाला पहिले पुस्तक कोणते द्यावे, हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही.

चित्रांनीच गोष्ट पुढे नेणारी पुस्तके महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत प्रथम आली ती मॉस्कोहून. गुळगुळीत कागद, भरघोस रंग आणि खिशाला परवडणारी किंमत! १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि तो ओघ आटला. पण त्या पुस्तकांतले घर बर्फातले होते. आपल्या मुलाचे जिने, नळ, दोरीवरचे कपडे त्यात कोठून असणार?

ती उणीव भरून काढण्याचे मोठे काम याच शनिवार पेठेतून झाले. येथील ज्योत्स्ना प्रकाशनाने माधुरी पुरंदरे यांची पुस्तके काढली. ‘राधाचं घर’मध्ये ना राजा आहे, ना राक्षस, ना शेवटी तात्पर्य. आहेत ती घरातली रोजची माणसे. लिहिणारा आणि चित्र काढणारा हात एकच असल्यामुळे शब्द जेथे थांबतात तेथून चित्र बोलू लागते. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘चित्रवाचन’ आहे. चित्र पाहावयाचे नसून वाचावयाचे असते, हे त्या एका शब्दात आले. २०१४ मध्ये साहित्य अकादेमीने बालसाहित्य पुरस्कार देऊन या कार्याचा गौरव केला.

तेव्हा वर्गासाठी पुस्तक निवडताना शिक्षकाने काय पाहावे? मजकुरावर हात ठेवून चित्र पाहावे; शब्दांनी न सांगितलेले काही ते सांगते काय? दुसऱ्यांदा उघडल्यावर नवे काही सापडते काय? मागच्या रांगेतल्या मुलाला ते दिसेल काय? भाषा मोठ्याने वाचताना जिभेवर सहज खेळते काय? आणि मुख्य म्हणजे, पाड्यावरच्या, वस्तीतल्या, चाळीतल्या मुलाला त्यात आपले कोणी भेटते काय? सगळीच पुस्तके आपल्या अंगणातली नकोत, परमुलूखही हवा. पण आपले अंगण कोठेच नसेल, तर पुस्तक हे दुसऱ्यांसाठी असते, असेच ते मूल शिकेल.

किंमत ही खरी अडचण आहे. रंगीत छपाई मोठ्या आवृत्तीवाचून स्वस्त होत नाही आणि मराठी आवृत्त्या लहान. म्हणून नॅशनल बुक ट्रस्टने आणि २००४ नंतर प्रथम बुक्सने एकाच चित्रांवर अनेक भाषांचा मजकूर छापण्याची वाट धरली. पुस्तके स्वस्त झाली. मात्र भाषांतर कोरडे असेल, तर चित्र बोलते आणि मराठी मुकी राहते. तेही पारखूनच घ्यावे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तके असावीत, असे सांगितले. पण कपाट असणे आणि ते उघडे असणे यांत अंतर आहे. फाटेल या भीतीने कुलपात ठेवलेले चित्रपुस्तक नवे राहते खरे, पण ते कोणाचेच होत नाही. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरतील तेव्हा एखाद्या गुरुजींनी वा बाईंनी ते कुलूप काढावे, एक पुस्तक मुलांमध्ये मांडून बसावे आणि पहिली पाच मिनिटे काहीही समजावून सांगू नये. मुले काय वाचतात, ते ऐकावे.