महागावचा रंग कोणता?

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या अलीकडे महागाव तालुका आहे. नदी ओलांडली की नांदेड जिल्हा, म्हणजे मराठवाडा. अठराव्या शतकात या मुलखाचा धनी कोण होता? कागदोपत्री निजाम. पण नागपूरकर भोसल्यांचे अंमलदार वऱ्हाडभर बसलेले होते आणि निम्म्याहून अधिक महसूल तेच नेत. याच जिल्ह्यातल्या भाम इथे रघूजींचे चुलते कान्होजी भोसले यांचं ठाणं होतं. एका गावावर दोन सत्तांचे हक्क, हीच दोअमली. 1803 च्या डिसेंबरात देवगावचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांना सोडावा लागला, तेव्हा कुठे ती संपत आली.

इतिहासावरच्या व्हिडिओ गेम्सची परीक्षा घ्यायला हे गाव चांगलं आहे. चित्रं किती देखणी, लढाया किती थरारक, हे कुणीही सांगेल. आपला प्रश्न वेगळा : या गेमच्या नकाशात महागाव बसतं का?

सुरुवात ‘एज ऑफ एम्पायर्स 3’च्या ‘द एशियन डायनेस्टीज’पासून (2007). इथे अख्खा देश ‘इंडियन्स’ या एकाच नावाखाली आहे. शिपाई, राजपूत, गुरखा, माहूत, उंटावरच्या तोफा, सगळं एका सैन्यात. आग्र्याचा किल्ला आणि चारमिनार एकाच राज्याच्या इमारती. मोहीम 1857 च्या उठावाची. निकाल सरळ आहे : खेळ म्हणून मजेदार, इतिहास म्हणून पर्यटन खात्याचं कॅलेंडर. ज्या काळात दख्खनेत मराठे, निजाम आणि म्हैसूर एकमेकांशी झुंजत होते, त्या काळाला एकच झेंडा देणं म्हणजे मूळ गोष्टच पुसून टाकणं.

ही चूक ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ने पुढे आपल्या परीने दुरुस्त केली. एप्रिल 2022 मधल्या ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’त जुन्या ‘इंडियन्स’चे हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे चार भाग झाले. राजेंद्र चोळ आणि पाल घराण्याचा देवपाल यांच्या मोहिमा आल्या. हे पाऊल मोठं होतं. पण देवगिरीचे यादव कुठे आहेत? उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला मराठी मुलूख या वाटणीत निसटला. महागाव अजून नकाशाबाहेरच.

मराठ्यांना थेट खेळाडूच्या हाती दिलं ते ‘एम्पायर : टोटल वॉर’ने (2009). ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया यांच्या बरोबरीने मराठेही एक सत्ता, आणि भारतासाठी वेगळा नकाशा. अनेक मराठी पोरांना याचं अप्रूप वाटलं, आणि ते रास्तच होतं. खेळ सुरू होतो 1700 साली. आता ते साल आठवा. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले, एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला, कारभार ताराबाईंनी हाती घेतला. राज्य होतं ते घोड्याच्या पाठीवर, गडागडांवर आणि फौजा वाटेल तिथे वळवणाऱ्या सेनापतींच्या जोरावर. गेममध्ये मात्र मराठ्यांना आखीव प्रदेश मिळतो आणि कराची पातळी ठरवायला एक पट्टी. लढायाही मैदानात समोरासमोर रांगा लावून, बंदुकधारी हत्तींसह. ही रचना पानिपताला साजेल, पण औरंगजेबाला ज्या युद्धाने दमवलं ते रसद तोडण्याचं आणि हाती न लागण्याचं होतं. ते या यंत्रात नीट मावत नाही. निकाल : मान दिला, पण पोशाख प्रशियाचा चढवला.

सर्वांत जवळ जातो तो ‘युरोपा युनिव्हर्सालिस 4’ (2013). सुरुवात नोव्हेंबर 1444 मध्ये, दख्खनेत बहमनी राज्य. मराठा राज्य आयतं मिळत नाही, घडवावं लागतं. मांडलिक आहेत, दावे आहेत, प्रांताची स्वायत्तता वाढली की तिजोरीत कमी पैसा येतो. दोअमलीच्या अगदी उंबरठ्यापर्यंत हा खेळ येतो आणि तिथेच थांबतो. कारण शेवटी प्रत्येक प्रांताला मालक एकच आणि रंगही एकच. स्वायत्ततेमुळे न मिळालेला महसूल हवेत विरतो. वऱ्हाडात तो विरत नव्हता, दुसऱ्याच्या खजिन्यात जात होता.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’चा (2020) मार्ग निराळा. पळवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, देव आणि असुर. पहाडी चित्रांचा प्रभाव, राजस्थानी वाड्यांचा भास. इतिहास सांगण्याचा तिचा दावा नाही, म्हणून ती खोटंही बोलत नाही. वर्षाच्या शेवटी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या इंडी गेमसाठी तिला नामांकन होतं, ते योग्यच. पण पुण्यात बसून गेम करणाऱ्यांनाही आपल्या मुलखाच्या दप्तरांपेक्षा पुराणं जवळची वाटली, याची नोंद घ्यावी लागते.

एवढी चिकित्सा कशाला, खेळच तर आहे, असं कुणी म्हणेल. पण दख्खनचा अठराव्या शतकातला नकाशा आज अनेकांना पहिल्यांदा दिसतो तो पाठ्यपुस्तकात नाही, स्क्रीनवर. एका प्रांताला एक रंग ही सवय डोळ्याला लागली की ‘हे आमचं होतं’ हे वाक्य सोपं होतं. 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, पण नावापुरता तो निजामाचाच राहिला. पैनगंगेच्या एका काठावर इंग्रजी कारभार, दुसऱ्या काठावर निजामी. भाषा, बाजार, सोयरिकी मात्र दोन्हीकडच्या. अशा मुलखात ‘आमचं’ म्हणजे नेमकं कुणाचं?

मराठी मुलखाचा खरा ऐतिहासिक गेम अजून व्हायचा आहे. त्यात खेळाडूला राजा करू नका. वऱ्हाडातल्या गावचा पाटील करा. साल 1760 च्या आसपास, पाऊस ओढ दिलेला, कापूस अर्धा, आणि महिन्याच्या अंतराने दारात दोन अंमलदार : एक निजामाचा, एक भोसल्यांचा. दोघांचा हक्क खरा, गावात धान्य एकाच्याच पुरतं. हा खेळ जिंकायचा नसतो, गाव उठू न देता पुढच्या पेरणीपर्यंत न्यायचा असतो.