जोडीचे नमुने

७. ‘टी-चाचणी’ : सांगवी-दापोडीपाशी पवना मुळेला मिळते. मुळेत संगमाच्या वर आणि खाली विरघळलेला प्राणवायू मोजून विद्यार्थी टी-चाचणीने सरळ दोन सरासऱ्यांची तुलना करतात. दर तारखेला दोन्ही ठिकाणचे नमुने घेतले असतील तर ते आकडे जोडीचे; तारखेगणिक फरक काढून तोच तपासावा, म्हणजे ऋतूंचा चढउतार आड येत नाही. फरक मोजके असून एखादा फारच वेगळा पडला, तर विल्कॉक्सनची १९४५ची क्रमांकांवर आधारलेली चाचणी बरी. मात्र एका काठावर एकाच सकाळी भरलेल्या दहा बाटल्या म्हणजे दहा स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत! पर्यावरणशास्त्रज्ञ हर्लबर्ट यांनी १९८४मध्ये दाखवलेली ही छद्मपुनरावृत्ती मला चुकीच्या चाचणीहून घातक वाटते. ती नमुने घेतानाच टाळावी लागते. — संपा.