बिलिंग्ज फार्म : व्हर्मॉंटमधील व्हिक्टोरियन शेतघर

अमेरिकेच्या व्हर्मॉंट राज्यातील वुडस्टॉक गावाभोवतीच्या टेकड्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेसुमार वृक्षतोड आणि मेरिनो मेंढ्यांची चराई यांमुळे उघड्या पडल्या होत्या, आणि जंगलाच्या नाशाने जमीन व पाणी कसे बिघडते याचे विवेचन याच गावात जन्मलेल्या जॉर्ज पर्किन्स मार्श यांनी १८६४ च्या ग्रंथात केले होते. वकील आणि पुढे नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष झालेल्या फ्रेडरिक बिलिंग्ज यांनी १८६९ मध्ये मार्श कुटुंबाची मालमत्ता विकत घेतली, टेकड्यांवर पुन्हा झाडे लावली आणि १८७१ मध्ये आदर्श दुग्धशेती सुरू केली. तिच्यासाठी, दुधात स्निग्धांश अधिक असल्याने लोण्यास उपयुक्त ठरणाऱ्या जर्सी गाई आणल्या.

१८९० मध्ये उभारलेले शेतघर हे व्यवस्थापक जॉर्ज एटकिन यांचे निवासस्थान, कचेरी आणि लोणी काढण्याचे केंद्र अशा तिन्ही भूमिका पार पाडी, म्हणून त्याच्या रचनेत घरगुती सुखसोयी आणि व्यवसायाची शिस्त एकत्र नांदतात. बिलिंग्ज यांची नात मेरी आणि तिचे पती लॉरन्स रॉकफेलर यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये येथे संग्रहालय सुरू झाले आणि शेतघराला १८९० मधील रूप परत देण्यात आले. गोठ्यात आजही जर्सी गाई असल्याने हे जतन केवळ वास्तूचे न राहता, जमीन, जनावरे आणि श्रम यांना जोडणाऱ्या शेतीव्यवस्थेचेही ठरते.