उपाशीपोटी रक्तात साखर येते कुठून?

रात्री आठनंतर काहीही खाल्ले नाही, तरी सकाळच्या तपासणीत रक्तशर्करा वाढलेलीच, अशी तक्रार अनेक मधुमेही करतात. ही साखर ताटातली नसते; ती यकृताने रातोरात रक्तात सोडलेली असते. पेशी ग्लुकोज फोडून ऊर्जा मिळवतात, हे शालेय पाठ्यपुस्तकांमुळे ठाऊक असते. शरीर तेच ग्लुकोज पुन्हा घडवतेही, ही बाजू मात्र दुर्लक्षित राहते.

ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन अणू असतात. पेशीद्रवात दहा टप्प्यांनंतर त्यापासून तीन कार्बनी पायरुवेटचे दोन रेणू तयार होतात. या प्रक्रियेला ऑक्सिजन लागत नाही, पण पेशीच्या पदरी ‘एटीपी’ या ऊर्जावाहकाचे अवघे दोन रेणू पडतात. ऑक्सिजन असल्यास पायरुवेट तंतुकणिकेत जाते आणि एकूण प्राप्ती सुमारे ३० एटीपीपर्यंत पोहोचते. तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिकाच नसल्याने त्यांना दोनांवरच भागवावे लागते. त्या पायरुवेटचे लॅक्टेट करून ते रक्तात सोडतात. वेगाने धावताना स्नायूही तेच करतात.

हे लॅक्टेट यकृतात पोहोचते, तेथे त्याचे पुन्हा ग्लुकोज होते आणि ते रक्तावाटे स्नायूंकडे परतते. प्रागमध्ये जन्मलेल्या गर्टी व कार्ल कोरी या दाम्पत्याने अमेरिकेत १९२९ मध्ये हे चक्र मांडले. शर्करेच्या चयापचयावरील संशोधनासाठी दोघांना १९४७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या गर्टी पहिल्या महिला. पूर्ण प्राध्यापकपद मात्र त्यांना त्याच वर्षी लाभले. पती तोवर कितीतरी वर्षे प्राध्यापक होते.

हिशेबाने पाहता हा तोट्याचा व्यवहार आहे. फोडताना दोन एटीपी मिळतात, तर लॅक्टेटपासून ग्लुकोज घडवताना सहा एटीपींच्या मोलाची ऊर्जा खर्ची पडते. यकृत हा खर्च प्रामुख्याने चरबी जाळून भागवते. त्याला इलाजही नसतो. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते आणि यकृतातील ग्लायकोजेनचा साठा असतो जेमतेम १०० ग्रॅम. दिवसभराच्या कडक उपवासात तो संपत येतो. स्नायूंतील साठा मोठा असला, तरी आवश्यक विकर नसल्याने तेथील ग्लुकोज रक्तात उतरत नाही. मेदाम्लांपासून तर ग्लुकोज जवळजवळ घडतच नाही. मग लॅक्टेट आणि ग्लिसरॉलच्या जोडीला प्रथिनांतील अमिनो आम्ले वापरली जातात. उपवास लांबला की स्नायू झिजतात ते यामुळेच.

घडवण्याची वाट ही फोडण्याचीच उलटी वाट नव्हे. दहापैकी तीन टप्पे एकमार्गी असून तेथे यकृत निराळी विकरे वापरते. त्यामुळे दोन्ही प्रक्रियांवर स्वतंत्र नियंत्रण ठेवता येते. ग्लुकागॉन हे संप्रेरक निर्मितीला चालना देते, तर इन्शुलिन तिला लगाम घालते. टाइप २ मधुमेहात हा लगाम सैल पडतो आणि गरज नसतानाही यकृत ग्लुकोज सोडत राहते. सर्वत्र वापरले जाणारे मेटफॉर्मिन हे औषध मुख्यतः हीच निर्मिती घटवते.

याउलट उपाशीपोटी घेतलेल्या मद्यामुळे ही निर्मिती नको तेव्हा मंदावते. साठा आधीच संपला असेल, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरते. इन्शुलिन घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो, आणि तोल जाणे, बोबडी वळणे ही लक्षणे बघणाऱ्याला नशेचीच वाटतात.