शब्दवेध : न्यूटन आणि नवेगाव

इंग्लंडच्या नकाशावर ‘न्यूटन’ नावाची कितीतरी गावं सापडतात. ‘न्यू’ म्हणजे नवं. ‘टन’ हे जुन्या इंग्रजीतल्या ‘तून’चं रूप. त्याचा मूळ अर्थ कुंपण. पुढे कुंपणातलं शेतघर, मग गाव. आजचा ‘टाउन’ही त्यातूनच आला. अर्थानं पाहिलं तर गोंदिया जिल्ह्यातलं नवेगाव हे न्यूटनचं भावंडच!

आपलं ‘गाव’ मात्र संस्कृत ‘ग्राम’वरून आलं, आणि वेदकाळी ‘ग्राम’ म्हणजे माणसांचा समूह. नवेगावच्या नावाला पुढे ‘बांध’ जोडला गेला, तो कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी अठराव्या शतकात बांधलेल्या तलावामुळे. नवेगावबांधला गेलात तर तलावाच्या पाळीवर उभे राहा आणि नावातला हा ‘बांध’ डोळ्यांनी वाचा.