चित्र-शब्द जोडीचा गेम: मुलं शब्द शिकतात की फोटो पाठ करतात?

'जोड्या लावा' आपण सगळ्यांनी शाळेत केलंय. चित्रांवरून शब्द शिकवायची कल्पना तर खूपच जुनी. कोमेनियसचं 'ऑर्बिस पिक्टस' हे मुलांचं सचित्र पुस्तक १६५८ साली आलं.

माझा चार वर्षांचा भाचा बंगळुरूत वाढतोय. आजी फोनवर मराठीत बोलली की हा गप्प. म्हणून मी एक छोटा गेम बनवला: शब्द ऐकायचा, बरोबर फोटोवर टॅप करायचं. आठवड्याभरात दहापैकी दहा! पण सुट्टीत घरी आल्यावर आजी म्हणाली, "बाळा, झारा आण रे," तर हा नुसता बघत उभा. त्याने झारा नाही, माझा फोटो पाठ केला होता.

मग मी हे बदल केले:

१. एकाच वस्तूचे तीन-चार फोटो, वेगवेगळ्या जागी काढलेले.

२. दोनऐवजी चार पर्याय. दोन असतील तर अंदाजपंचे बरोबर यायची शक्यता ५०%, चार असतील तर २५%.

३. सरावानंतर सारख्या दिसणाऱ्या वस्तू एकत्र: झारा, पळी, उलथणं, चमचा.

४. चुकलं तर भोंगा नाही. बरोबर चित्र दाखवून शब्द पुन्हा ऐकवायचा, तोही आजीच्या आवाजात.

५. शेवटी फोन बाजूला ठेवून तीच वस्तू घरात शोधायची.

आणि हो, २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही दहा मिनिटंच खेळतो. आता झारा मागितला की झाराच येतो!